राखेतलं हिरवं

बाई, मला आता रंग निवडायचा कंटाळा आला आहे. तुमच्यासमोर हे म्हणायची छाती झाली नसती, म्हणून तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाल्यावर कागदावर म्हणते आहे. दुपारची वेळ आहे, लाइट गेली आहे. सहाला येते म्हणतात, म्हणजे साडेसहा धरायचे. भट्टी अर्धी तापून थांबली आहे आणि आत चाळीस मग आहेत, चाळीसही मगांवर एकाच नवरा-नवरीचा फोटो. हल्ली फोटोचेही ट्रान्सफर छापून मिळतात. बाकी सगळं तुमच्या वेळच्या गुलाबासारखंच. कागद पाण्यात भिजवायचा, चित्राचा पापुद्रा मगावर सरकवायचा, रबरानं हवा काढायची आणि मंद भट्टीत पुन्हा भाजायचं. पण लाइट मध्येच गेली की चेहरे बिघडतात. मागच्या महिन्यात एक नवरदेव कावीळ झाल्यासारखा निघाला. त्याच्या आईनं मग दोन्ही हातांत धरून पाहिला आणि म्हणाली, "आमचा इतका पिवळा नाही हो." मी म्हटलं, चहा प्यायला की उतरेल. ती हसली नाही. मलाही हल्ली हसू येत नाही, सवयीनं बोलते, झालं.

पण हे गाऱ्हाणं सांगायला बसलेली नाही. आज सकाळी तुमची लेक आली होती, पुण्याहून पहिल्या गाडीनं. तुमच्या वेळी शेडच्या उंबऱ्याआत पाऊल न टाकणारी, कपड्यांना माती लागेल म्हणून दारातूनच हाक मारणारी तुमची लेक नोकरी सोडून आता स्वतः मातीची भांडी करते. केस पिकलेत तिचे. तिनं पिशवीतून सुतळीत ओवलेल्या चकत्या काढल्या. तुम्ही भांड्यावरचा काचेचा लेप, ग्लेझ, पारखायला करायचात तशाच, बोटभर मातीच्या, वर भोक, मागे नंबर. सात चकत्या माझ्या टेबलावर मांडल्या. सातही पिवळट, वाळक्या गवताच्या रंगाच्या. "ताई, दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "दिंडोरीकडून द्राक्षाच्या काड्या नेते, जाळते, राख धुते. आईच्या वहीत एवढंच आहे, वेलीची राख, तीन पाण्यांतून. आईचं हिरवं काही येत नाही. माझंच काहीतरी चुकतंय." शब्दाला शब्द तुमचा. मी तिच्याकडे न बघता चकत्यांकडे बघत राहिले आणि विचारलं, "राख नीट धुतेस ना?" बाई, एवढं सगळं माहीत असून मी तिला हे विचारलं.

मी त्र्याण्णव साली तुमच्या शेडवर आले. नवरा सातपूरला कंपनीत, मी घरी रिकामी, आणि तुम्ही शाळेतली चित्रकलेची नोकरी संपवून घरामागे पत्रे घालून भट्टी मांडलेली. पहिल्या दिवशी मला पाच बादल्या दाखवल्यात आणि विचारलंत, यातली निळी कुठली? मी अर्थात सगळ्यात निळसर होती ती दाखवली. ती पांढरी निघाली. निळं होणारं ग्लेझ बादलीत फिकट गुलाबी होतं आणि काळं होणारं विटकरी. "डोळ्यांवर जाऊ नकोस, चकतीवर जा," तुम्ही म्हणालात. त्यानंतर कितीतरी महिने मी चकत्यांची माळ गळ्यात घालून फिरायचे आणि तुम्ही मला नंदीबैल म्हणायचात. कौतुक करायला तुमची जीभ जड होती. एखादं काम मनासारखं झालं की तुम्ही फळीवरचा डबा काढून तळहातावर गुळाचा खडा ठेवायचात, बस. मला पहिलं वर्षभर तो मिळाला नाही. माझं काम ट्रान्सफरचं होतं ना. संक्रांतीच्या आधी दोन महिने बायका हळदीकुंकवाच्या वाणासाठी वाट्या न्यायला यायच्या, त्यांना गुलाब हवा असायचा, मोर हवा असायचा. त्या वाट्यांवर शेड चालायची, पण तुम्ही त्या ट्रान्सफरना बोट लावायचा नाहीत. "मातीला जे आपणहून येत नाही, ते तिच्या अंगावर कशाला चिकटवायचं?" असं म्हणायचात आणि मी एकही बुडबुडा न ठेवता शंभर गुलाब चिकटवले, तरी नुसतं बरं म्हणून पुढे जायचात.

मग ती राख आली. द्राक्षवेलींची एप्रिलची खरड छाटणी झाली होती, माझे वडील दिंडोरीकडे एका बागेत कामाला होते, आणि कुठल्याशा पुस्तकात वाचून तुम्हाला राखेच्या ग्लेझचं वेड लागलं होतं. मी माहेरी गेले ती येताना दोन गोणी राख घेऊन आले, एसटीच्या टपावरून. तुम्ही ती तीन पाण्यांतून धुतलीत, जुन्या लुगड्यातून गाळलीत. राखेचं पाणी हात खातं. नखांच्या कडेला चिरा पडल्या तुमच्या, त्यांत हळद भरून फिरत होतात. आणि भट्टी उघडली तर आत ते हिरवं. शेवाळाचं म्हणावं तर तसं नाही, काठाला पिवळसर आणि जिथे ग्लेझ साचलं तिथे गडद, आणि हाताला मऊ. तुम्ही एक वाटी उचललीत आणि खाली स्टुलावर बसलात. "नाशिकच्या वेलीत होता हा रंग," तुम्ही म्हणालात, "आणि आपण आपले चुलीत घालत होतो." मग उठून डबा काढलात आणि माझ्या तळहातावर गूळ ठेवलात. मुद्दाम त्यातल्या एका वाटीवर मला गुलाब लावायला सांगितलंत. चकाकी नसलेल्या त्या ग्लेझवर तो धरला नाही, भट्टीतून आला तो बोटानं पुसला गेला. तुम्ही टाळी वाजवलीत, बाई, शाळेतल्या मुलीसारखी.

पुढच्या वर्षी पिवळं आलं. त्याच्या पुढच्या वर्षीही पिवळं. तुम्ही पाणी बदललंत, नळाचं सोडून विहिरीचं आणलंत. राख चार वेळा धुतलीत, मग दोनच वेळा. दरवेळी भट्टी उघडायची, एक चकती काढायची, ती उजेडात धरायची आणि म्हणायचं, माझंच काहीतरी चुकतंय. तोवर तुम्ही येईल त्या पाहुण्याला वेलीच्या रंगाची गोष्ट सांगून ठेवली होती. शाळेच्या मुली सहलीला आणून त्यांना ती एकच वाटी हातोहात फिरवून दाखवायचात. हातांच्या चिरा बुजेनात. चहाचा कप तुम्ही दोन्ही तळहातांत दाबून धरायचात, बोटं न टेकवता. आणि माझ्याशी बोलणं कमी झालं. मी समोर असले तरी तुमची नजर माझ्यावरून पुढे चकत्यांवर जायची.

पिवळं का येतं ते मला माहेरीच कळलं, अगदी सहज. अंगणात वडील टिपाडात चुना आणि मोरचूद कालवत होते, द्राक्षावर फवारायला. निळ्या शिंतोड्यांनी त्यांचे पाय भरलेले. मी म्हटलं, दादा, बाईंना पहिल्यासारखी राख पाहिजे, यंदाची पिवळी पडते. ते हात न थांबवता म्हणाले, "पहिली म्हंजे कोपऱ्यातल्या ढिगाची? आगं, त्या ढिगावर म्या टिपाड धुतो. लय मोरचूद बसेल हाय तिच्यात. दुसरीकडची चांगली राख दिली तुला, तर म्हनं पिवळी!" मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांब्याचं भट्टीत हिरवं होतं, हे मला तुम्हीच शिकवलेलं. वेलीचा काही संबंध नव्हता. धुतलेल्या टिपाडाचा रंग होता तो.

मी सांगायचा प्रयत्न केला होता. तुम्ही मोरीशी राख धूत होतात, मी पाणी ओतत होते. मी म्हटलं, "बाई, तो रंग वेलीचा नसेल कदाचित." तुम्ही मान वर केलीत. "मग कशाचा? तुझ्या ट्रान्सफरचा?" एवढंच म्हणालात आणि माझ्या हातातली बादली काढून घेतलीत. त्यानंतर दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी माहेरून मोरचुदाची पुडी आणली, खलात कुटली, गरम पाण्यात विरघळवली आणि तुम्ही पूजेला बसला होतात तेव्हा राखेच्या बादलीत दोन चमचे घालून ढवळली. बादलीत काही दिसलं नाही. तुम्हीच शिकवलंत, बादलीत काही दिसत नसतं.

हिरवं आलं. पहिल्यापेक्षाही चांगलं. "बघ, वेलीची वाट बघावी लागते," तुम्ही म्हणालात. पुढे दर भट्टीला मी ते करत राहिले, तुम्ही जाईपर्यंत. तुम्ही राख दोनच पाण्यांतून धुवायला लागलात, कारण आता सगळं जमत होतं, आणि तुमचे हात बरे झाले. एक गोष्ट मी सांभाळली. त्या हिरव्या चकतीवर लिंबाची फोड ठेवून पाहिली, तुम्ही नव्या ग्लेझवर ठेवायचात तशी. सकाळी तिथे पांढरा डाग होता. म्हणजे आंबट पदार्थात तांबं उतरणार. म्हणून मी हट्ट धरला की आतून पांढरं ग्लेझ लावू, त्यात आमटीला उठाव येतो. तुम्ही कुरकुर केलीत पण ऐकलंत. बाकी मी काहीच सांभाळलं नाही. तुमची गोष्ट मी वाढू दिली. तुम्ही गेलात तेव्हा भेटायला आलेल्या बायका त्या हिरव्या वाटीकडे बघून म्हणत होत्या, बाईंनी वेलीतून रंग काढला. मी त्यांना चहा देत होते.

आज तुमची लेक चकत्या परत सुतळीत ओवत होती तेव्हा मी तिचे हात पाहिले. नखांच्या कडेला त्याच चिरा. हळदही तशीच भरलेली. तरी मी तिला जेवायला वाढलं आणि दाराशी निरोप दिला. ती गेल्यावर दोन कप घासले, पुन्हा घासले. मग मोबाइल लावला. तिची गाडी सिन्नरच्या पुढे गेली होती. मी सगळं सांगितलं, टिपाड, पुडी, दोन चमचे, लिंबू. आतून लावू नकोस म्हणून तीनदा सांगितलं. मग तिनं विचारलं, "आईला हे कधी कळलं का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं." आणि रडायला लागली, गाडीत, एवढी मोठी बाई. मला वाटलं होतं ती भांडेल. तुमचं नाव मी खाली आणलं, याबद्दल तिनं मला बोलायला हवं होतं. ती फक्त म्हणाली, "तेव्हाच का नाही सांगितलंत तिला?" मी म्हटलं, "हात बघवत नव्हते ग त्यांचे." मग घाटात फोन तुटला.

हातांचं खरं आहे, बाई. पण तेवढंच खरं नाही, आणि उरलेलं तिला सांगायची माझी तयारी नाही. हा कागद जुन्या ट्रान्सफरच्या कॅटलॉगमध्ये घालून ठेवीन, गुलाबांच्या पानात, तिथे हल्ली कोणी बघत नाही. दुसऱ्यांदा हिरवं आलं त्या दिवशी तुम्ही वाटी घेऊन दारात उजेडाला उभ्या राहिलात, माझ्याकडे पाठ करून. खूप वेळ. गूळ द्यायचं विसरलात. मी वाट पाहिली, झाडू मारला, परत वाट पाहिली. मग तुमच्या समोर येऊन मीच हात पुढे केला. "अगबाई, विसरलेच," म्हणून तुम्ही हसलात, डबा काढलात, आणि पहिल्यापेक्षा मोठा खडा दिलात. तो मी तिथेच, तुमच्यादेखत खाल्ला, आणि गोड लागला.