यंत्रानं लावलेली लग्नं

साकोली, गुरुवार

आदरणीय आनंदमामा,

सविनय जय भीम. तुमच्या गुडघ्याची सूज आणि मामींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे.

कॉलेज मधातच सोडून पोरगा साकोलीत काय करून राहिला, असं तुम्ही आईला विचारलं म्हणे. नोकरी, मामा! आमच्या ऑफिसातलं कॉम्प्युटर दिवसभर इंटरनेटवरची पानं वाचते आणि त्यातून आपल्याच मनानं माहिती शिकते: कोण कोणाचा बाप, कोणतं गाव कोणत्या जिल्ह्यात. मी फक्त 'खरं' किंवा 'खोटं' दाबायचं. म्हणजे मास्तरच झालो. (जुनी पानं वाचून त्यानं गोंदिया परत भंडारा जिल्ह्यात आणलं होतं. सरकारला वर्षानुवर्षं लागली, मी एका बटणात जिल्हा फोडला.)

पण सोमवारी पडद्यावर आलं: सरिता, वरठी; पती अतुल, कारखान्यात नोकरी, वरठी. सरिता म्हणजे तुमच्याच गल्लीतली, कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसणारी. तिच्या वेणीकडे पाहण्यात माझी दोन वर्षं गेली (नापास झालो ते वेगळं). डोकंच फिरलं. 'खोटं' इतक्या जोरात दाबलं की माउसचं बटण आत गेलं ते वर आलंच नाही. साहेबांची मोटारसायकल घेतली (विचारायला वेळ नव्हता) आणि थेट वरठीचा कारखाना गाठला. (तुमच्या दारावरूनच गेलो, पण रागात असल्यामुळे थांबता आलं नाही, माफी असावी.) अतुल पाळी संपवून डबा घेऊन बाहेर आला, तशी मी कॉलर धरली. तो म्हणे, "कोणती सरिता बे? माह्यं लग्नच जमून नाही राहिलं, म्हणून त मेळाव्यात नाव देलं!"

तेव्हा उजेड पडला. वधू-वर परिचय मेळाव्याची यादी इंटरनेटवर आहे: डावीकडे मुली, उजवीकडे मुलं. आमच्या कॉम्प्युटरनं ती आडवी वाचली आणि समोरासमोरच्या एकशे बारा जणींची लग्नं लावून मोकळं झालं! (बपेऱ्याच्या रत्नमालाचा नवरा तिचा सख्खा भाऊच निघाला.)

मी माफी मागितली, चहा पाजला, आणि समजावून सांगायला ती यादी मोबाइलवर दाखवली. इथंच चुकलं. त्यानं सरिताचा फोटो पाहिला, मोठा करून पाहिला, आणि म्हणाला, "कॉम्प्युटरचं काही चुकलं नाही वाटत भाऊ." रविवारी तो तिला पाहायला जाऊन राहिला.

बाकी सर्व क्षेम.

तुमचा भाचा,
अश्वजित

ता. क. बाकी काही क्षेम नाही. शनिवारीच सरिताच्या बाबांकडे जाऊन माझ्यासाठी शब्द टाका. नोकरी पक्की आहे म्हणा. (मोटारसायकल नेली म्हणून साहेबांनी मंगळवारीच घरी बसवलं, ते सांगू नका.)

ता. क. २ त्याआधी मामींना धाडून सरितालाच विचारा, अश्वजित कोण ते तिला माहीत आहे का. नसेल, तर म्हणावं, प्रॅक्टिकलला तुझ्या जर्नलवर ॲसिड सांडलं होतं तो. तेवढं तिला नक्की आठवेल. त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही. (आधीही नव्हती बोलली.)