ओव्हन गार होईपर्यंत

सोमवार, ४ मार्च. सकाळी.
लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची पार्टी काल झकास झाली. माझं भाषण विशेष गाजलं. शेवटी मी जाहीर करून टाकलं, की गेली कित्येक वर्षं घरच्या ओव्हनमध्ये केक करून विकणारी माझी बायको आजपासून रिटायर! पुरे झालं पीठ चाळणं, आता नुसता आराम. टाळ्याच टाळ्या. सरप्राइज असल्यामुळे सौ.ला आधी बोललो नव्हतो. ती फक्त 'बरं' म्हणाली. भारावली असणार.
उठल्या उठल्या तिचे केक घेणाऱ्या कॅफेवाल्याला मीच फोन करून कळवलं. त्याने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग विचारतो कसा, ताईंना हे माहीत आहे ना? लोकांना भलत्या चौकशा.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
सौ. तिच्या भावाकडे गेली. आरामाला. दोन मोठ्या बॅगा भरून नेल्या. आरामाला इतकं सामान कशाला, हे विचारायचं राहून गेलं.

बुधवार, ६ मार्च.
शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या. म्हणाल्या, आता जेवणाचं काय करता? त्यातला 'आता' मला आवडला नाही. दार लावल्यावरही तो बराच वेळ घरात फिरत होता.
फ्रिज उघडला. पार्टीचं उरलेलं: वाडगाभर भिजवलेले मनुके, पाकातल्या संत्र्याच्या साली, अर्धं चॉकलेट, मूठभर अक्रोड, लोण्याची लादी.
संकल्प: या उरल्यासुरल्याचा एक साधा केक करायचा. सौ. परत येईल तेव्हा टेबलावर हजर. तिच्यावाचून घर चालतं हे तिला दिसेल. म्हणजे तिची काळजी मिटेल, या अर्थाने.

गुरुवार, ७ मार्च.
केक म्हणजे काय मोठंसं. मी कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. माझ्याकडे लेबलाशिवाय एक वॉशर हलत नाही. घरातल्या डब्यांनाही लेबलं माझीच. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला लेबलचं मशीन आणून रविवारभर बसून एकूणएक डब्यावर नाव चिकटवलं होतं. तीच माझी भेट. तेव्हाही ती 'बरं' म्हणाली होती. बोलणं कमी, पण मनात सगळं असतं तिच्या.
अडचण एकच. वजनकाटा गायब. काल ओट्यावर होता. टीव्ही जागेवर, घड्याळ जागेवर, चोराने नेमका काटा नेला! लेकीला फोन केला. म्हणाली, मीच दुपारी येऊन नेला, आईला हवा होता. आरामात वजनकाटा कशाला? भावाकडे आयतं खाऊन वजन वाढलं म्हणावं, तर तो काटा पाच किलोच्या पुढे जात नाही. विचार सोडून दिला.

शनिवार, ९ मार्च.
केक नं. १. लेबलं वाचून सामान घेतलं, व्हिडिओ पाहून ढवळलं. फुगला नाही. वर राखाडी साय आली, कडा आत वळल्या. घरभर वास धोब्याच्या दुकानाचा. व्हिडिओवाल्या बाईंचं काहीतरी चुकलंय. तिखट कॉमेंट टाकली.
फेकवेना. सोमवारी ऑफिसात नेतो. स्टाफला आपलेपणा वाटेल.

सोमवार, ११ मार्च.
स्टाफने केक उचलून धरला. अकाउंटंट म्हणाले, वेगळा आहे. सगळे घटाघटा पाणी प्यायले, म्हणजे भरपूर खाल्ला. संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यात टिशूत गुंडाळलेले तुकडे दिसले. घरी न्यायला बाजूला ठेवले असणार आणि गडबडीत पडले असणार.
साफसफाईवाल्या मावशींनी मात्र विचारलं, की साहेब, भांड्यांना कुठली पावडर वापरता? वास ओळखीचा येतोय. त्यांना हसून टाळलं.
सौ.ला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. झोपली असेल. इतका आराम बरा नाही, पण ठीक.

बुधवार, १३ मार्च.
घरी आलो तर केकचे टिन नाहीत, मिक्सर नाही. आतल्या कपाटात तिचा कप्पा रिकामा, हँगर तेवढे लटकत होते. लेकीकडे किल्ली आहे, तीच येऊन गेली असणार. मी खोकलो तर स्वयंपाकघरातून दुसरा कुणी खोकल्यासारखं वाटलं. सामान कमी झालं की घुमतं, एवढंच. तरी सगळे दिवे लावून बसलो.

गुरुवार, १४ मार्च.
कॅफेत गेलो. काचेच्या कपाटात सौ.चा केक! संत्र्याच्या सालीचा, कडेला तिची ती बोटाची नक्षी. कॅफेवाल्याला म्हटलं, कुणीतरी आमच्या हिची नक्कल करतंय. त्याने माझ्याकडे पाहिलं, फडकं उचललं, पुसलेलाच काउंटर परत पुसला आणि म्हणाला, हो साहेब, हुबेहूब करतात. काय जमाना आलाय. सौ.ला सांगायचं नाही असं ठरवलं. जीव तुटेल तिचा.

शनिवार, १६ मार्च.
सौ.चा मेसेज! उद्या चारला येते, भाऊ पण येतोय, घरी असाल ना? बघा. घरी असाल ना, म्हणे. आठवण आल्याशिवाय माणूस असं विचारत नाही. केक तयार असेल, असं उलट कळवलं. तिने वाचलं. उत्तर नाही. प्रवासाची तयारी चालू असेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
लेक आली. मी केक नं. २ ची मांडामांड करत होतो. माझ्या हातातला डबा पाहून ओरडलीच, की बाबा, तो धुण्याचा सोडा आहे, आई ओव्हनच्या जाळ्या घासते त्याने! मी तिला लेबल दाखवलं. स्वच्छ लिहिलंय, 'बेकिंग सोडा'. तर ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली. मग हसणं थांबलं तरी डोळे पुसत राहिली.
हकिगत अशी. मी लेबलं लावली ती डबे रिकामे करून, घासून, उंचीनुसार मांडून. सौ.ने त्यानंतर आपल्या हाताच्या सवयीने जिथलं तिथे भरून टाकलं. 'मैदा'मध्ये कॉर्नफ्लॉवर. 'मीठ'मध्ये खरा सोडा. 'मिरी'मध्ये सुया-बटणं. लेबलं तिने कधी वाचलीच नाहीत. घरात सगळ्यांना हे ठाऊक. लेकीला ठाऊक, कामवाल्या बाईंना ठाऊक, मेहुण्यालासुद्धा ठाऊक. मग काढली का नाहीत? तर आई म्हणायची, राहू देत, हौसेने लावलीत, त्यांना वाईट वाटेल.
आणि मला का नाही सांगितलं? लेक म्हणाली, बाबा, तुम्ही डबा उघडलात कधी?
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
अर्थात स्टोअरच्या दृष्टीने ही गंभीर बेशिस्त आहे.
लेकीने अंदाजाने सगळं काढून दिलं, टिन नाहीत म्हणून कुकरचा डबा दिला. ओव्हन १८० वर, तीन वाजता आत टाका, म्हणाली. निघताना दारात थांबली. बाबा, उद्या चिडू नका हं. मी कशाला चिडू? दिवस आनंदाचा.

रविवार, १७ मार्च. दुपारी, ओव्हनसमोर बसून.
केक आत. काचेतून बघतोय. फुगतोय! खरंच फुगतोय! घराला पुन्हा आपला वास आलाय. मागच्या रविवारी मी याच खुर्चीत होतो आणि इथे कसलाच वास नव्हता, हे आत्ता लक्षात येतंय.
ठरलं. ती आत आली की आधी बशी हातात द्यायची, मग बोलायचं. सरप्राइज नाही, विचारायचं. केकचं काम परत सुरू करणार का, असं नीट विचारायचं.
खाली टेम्पो थांबला. सौ.चं सामान परत आलं वाटतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
टेम्पो रिकामा होता. मेहुण्याच्या हातात दोरखंड आणि जुनी ब्लँकेटं.
ते ओव्हन न्यायला आले होते. तिचाच तो, तिच्या कमाईचा. मेहुण्याने आपल्या घराखालचा गाळा तिला कामाला दिलाय. त्याच्याकडचा ओव्हन छोटा पडतो, कॅफेची ऑर्डर वाढलीय. म्हणजे नक्कल करणारं कुणी नव्हतं.
मी काहीतरी बोलणार होतो. तिने ओव्हनचं दार उघडून केकमध्ये काडी खुपसली आणि सांगितलं, अजून दहा मिनिटं. सगळे थांबले. मग तिनेच तो बाहेर काढला. गरम ओव्हन उचलता येत नाही म्हणून टेम्पोवाला खाली बिडी ओढायला गेला, मेहुणा गॅलरीत गेला, आणि ती माझ्यासमोर खुर्चीत बसली.
केक कापला. तिने सबंध तुकडा खाल्ला. सोडा बरोबर पडलाय, म्हणाली. मी म्हटलं, लेबलं आजच बदलतो, तू सांगशील तशी. ती म्हणाली, बरं.
आज मला त्या 'बरं'ची भीती वाटली.
मी विचारलं, परत कधी येशील? तिने बशी विसळून पालथी घातली. हात पुसला, ओव्हनच्या पाठीवर ठेवून पाहिला आणि भावाला हाक मारली, की गार झालाय, उचला.
लेकीचं ऐकून मी १८० वर लावला, तिथेच चुकलं. २५० ला लावायला हवा होता. केक जळाला असता, पण ओव्हन गार व्हायला आणखी थोडा वेळ लागला असता.