मेजर अजून ठरलेला नाही

१५ जुलै २०२४, सोमवार
कॉलेज सुरू. बी.एस्सी. पहिलं वर्ष, गडचिरोली. बॉटनी, केमिस्ट्री, झूलॉजी, तिन्ही विषय सध्या सारखेच. मेजर कोणता ते वर्ष संपल्यावर सांगायचं. सिंदेवाहीवरून बाबांचा फोन. काय घेणार म्हणे. म्हटलं, तिन्ही नीट पाहीन, तोलीन, मग ठरवीन. घाईत ठरवणारे मागून पस्तावतात. बाबा म्हणाले, "दहावीनंतरबी हेच म्हनत होता." त्यांना नवीन सिस्टीम समजत नाही.

रूम पार्टनर मिळाला. सुकलू. धानोऱ्याच्या आत कुठंतरी गाव आहे. बोलणं कमी. त्याला सांभाळून घ्यायचं ठरवलं.

संकल्प: रोज पाचला उठणे. रोज डायरी. सुकलूचं इंग्रजी सुधारणे.

२९ जुलै
डायरी दोन आठवडे राहिली. पाचला मी उठत नाही, पण सुकलू उठतो. म्हणजे रूममध्ये पाचला उठणं सुरू आहे.

मेजर बहुतेक झूलॉजी. शेजारच्या जिल्ह्यात वाघ आहेत. स्कोप आहे.

१४ ऑगस्ट
मेश्राम मॅडमनी बॉटनीच्या वर्गाला जंगलात नेलं. निघताना सुकलूला सांगितलं, मॅडमसमोर घाबरायचं नाही, माझ्या बाजूला उभा राह्य.

मॅडमनी एक झाड दाखवून नाव विचारलं. मी लगेच म्हटलं, साग. वर्गातली दिव्यानी हसली. सुकलू हळूच म्हणाला, "बिजा हाये मॅडम." मग त्याने सालीला जरासा टोचा मारला. लाल चीक आला, रक्तासारखा. मॅडमनी वही काढली. पुढचा तासभर तो सांगत होता आणि मॅडम लिहीत होत्या. तेवीस नावं. शिक्षकच विद्यार्थ्याकडून शिकतात, ही आपल्या शिक्षणाची अवस्था.

दुरून बिजा आणि साग सारखेच दिसतात.

रात्रभर विचार करून मेजर ठरवला. बॉटनी. सुकलूचा याच्याशी संबंध नाही.

३ सप्टेंबर
मोबाईलमध्ये ॲप घेतलं. पानाचा फोटो काढला की झाडाचं नाव सांगते. चाळीस पानं पाठ केली. सुकलूने विचारलं, काय करून राह्यला. म्हटलं, सायंटिफिक पद्धत. तो म्हणाला, "पान नसलं तं?" असे प्रश्न विचारणाऱ्याला काय शिकवायचं.

दिव्यानी हर्बेरियमच्या वहीत चिकटवायला पानं मागायला आली. सुकलूकडे. त्याने जुन्या पेपरात दाबून दिली, वर नावंही लिहून दिली. माझ्याकडे कोणी मागत नाही याचं वाईट वाटत नाही. लक्षात आलं म्हणून लिहिलं.

आज त्याला इंग्रजीचे तीन शब्द शिकवले.

२८ जानेवारी २०२५
पहिल्या सेमिस्टरचा रिझल्ट. बॉटनीत सुकलू वर्गात पहिला. मला सेहेचाळीस. पण केमिस्ट्रीत तो फेल आणि मी एक्केचाळीस मार्क घेऊन पास. फार वाईट वाटलं त्याच्यासाठी. कॅन्टीनमध्ये नेऊन समोसा खाऊ घातला. स्वतः दोन खाल्ले.

तो म्हणाला, "तुले समजते का रे केमिस्ट्री?"
म्हटलं, समजते ना.
"मंग मले शिकव."
म्हटलं, माणसाने आपली ताकद ओळखावी, तू बॉटनीच कर. चांगला सल्ला दिला. केमिस्ट्रीचं पुस्तक मी परीक्षेआधी चार दिवस पाहिलं होतं आणि ते चार दिवस आता आठवत नाहीत.

१० मार्च, सोमवार
मेश्राम मॅडमनी थांबवलं. मला वाटलं माझ्याबद्दल काही असेल. धानोऱ्याच्या जंगलात चार दिवस झाडांचा सर्व्हे आहे. एका विद्यार्थ्याला नेणार, रिपोर्टवर त्याचं नाव येणार. म्हणाल्या, सुकलूला सांग. तो होळीला गावी जाईल आणि गावात त्याचा फोन लागत नाही, तेव्हा जाण्याआधी सांग.

सांगतो म्हटलं.

१२ मार्च
सुकलू गेला. मोहाची फुलं पडायला लागली, आईला एकटीला वेचणं होत नाही म्हणे. तो बॅग भरत होता तेव्हा सांगणारच होतो. पण तो घाईत होता. आणि आईचं काम महत्त्वाचं. त्याला उगाच पेचात टाकायचं नव्हतं. मित्राचा विचार करावा लागतो.

१३ मार्च
मॅडमना सांगितलं, सुकलूला विचारलं, त्याला इंटरेस्ट नाही. मॅडमना आश्चर्य वाटलं. मी येतो म्हटलं. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, बरं.

ही चोरी नाही. जागा रिकामी होती.

१६ मार्च, धानोरा
जंगलात पहिला दिवस. एकाही झाडाला पान नाही.

ॲप पानाचा फोटो मागते. मी सालीचा दिला. ॲपने एका झाडाला हत्ती म्हटलं. मॅडमनी सहा झाडं विचारली. दोनदा साग म्हटलं, त्यातला एक खरंच साग निघाला. उत्तर बरोबर आलं याची मॅडमनी दखल घेतली नाही.

१७ मार्च
सकाळी दहापर्यंत वहीत तीन नावं आणि सतरा प्रश्नचिन्हं. मॅडमनी वही मिटली. म्हणाल्या, सुकलूचं गाव इथून चार किलोमीटर आहे, जाऊ, एक दिवस तरी मदत कर म्हणू. मी म्हटलं, त्याला इंटरेस्ट नाही मॅडम. त्या म्हणाल्या, तू बॅग घे.

चार किलोमीटर चाललो. वाटेत तीनदा वाटलं सांगून टाकावं. तिसऱ्यांदा तोंडही उघडलं, पण पाणी पाहिजे का, एवढंच विचारलं.

सुकलू आईसोबत झाडाखाली मोह वेचत होता. मॅडमना पाहून उठला. मॅडमनी सरळच विचारलं, "काय रे, सर्व्हेला यायला नाही म्हणालास?"

सुकलूने माझ्याकडे पाहिलं. मी मोहाच्या टोपलीकडे पाहिलं.

"हो मॅडम," तो म्हणाला. "प्रफुलनं सांगतलं होतं मले. मोहाचे दिवस, म्हून नाई म्हनलो. आता अर्धा मोह झाला, येतो."

मॅडमनी वही उघडली. त्यांना कळलं की नाही, ते मला कळलं नाही.

त्याच्या आईचं नाव सुकरी. तिने मला बाजेवर बसवलं, भात आणि अंबाडीची भाजी वाढली. म्हणाली, "तूच का प्रफुल? माह्या पोराले इंग्रजी शिकवतेस म्हनते तो. खाय अजून." दोनदा भात घेतला. मान वर करून जेवता आलं नाही. भाजी आंबट होती, त्यामुळे असेल.

दुपारी सुकलू पुढे, मॅडम मागे, मी बॅग घेऊन त्यांच्या मागे, त्याची आई टोपली घेऊन सोबत. त्याने साल हातानं चाचपून, खाली पडलेली फळं उचलून एकेक नाव सांगितलं. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस. मधे कुठं अडला तर आईला हाक मारून विचारत होता. तिला सगळी येत होती. मला आता तिचाही राग येतोय. हे बरोबर नाही, पण लिहून ठेवतो.

१९ मार्च
परत निघताना त्याला बाजूला घेऊन विचारलं, तू मॅडमना काऊन नाही सांगितलं?
म्हणाला, "सांगाचं का त्याच्यात. तुले यायचं होतं, तू आला."
मी म्हटलं, मी सांगणारच होतो.
म्हणाला, "हो."
भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात मी चांगला आहे.

११ एप्रिल
रिपोर्टवर दोन नावं आली. सुकलूचं आणि त्याच्या आईचं. माझं आभारात आहे, "सामान वाहून नेण्यास साहाय्य". मॅडमना कळलं होतं.

२० जून, शुक्रवार
मेजरचा फॉर्म. एकदाच भरायचा, मग लॉक. त्याला जोडून एक पान लिहायचं: पहिल्या वर्षात तुम्ही काय शिकलात. मी दोन पानं लिहिली. वाचून पाहिली. सुकलू पाचला उठतो, सुकलूला बिजा ओळखता येतो, सुकलू खोटं बोलला आणि तेही माझ्यासाठी. माझं त्यात काही नव्हतं. पानं फाडली. इंटरनेटवरून एक पान उतरवलं.

बॉटनी भरलं. सुकलू बॉटनीच घेणार. पुढची दोन वर्षं त्याच्या बाजूच्या बाकावर बसायचं आणि एकदा, फक्त एकदा, त्याच्यापेक्षा जास्त मार्क घ्यायचे. आयुष्यात इतकं क्लिअर मला कधीच नव्हतं.

१ जुलै, मंगळवार
लिस्ट लागली. बॉटनीत नऊ जण. माझं नाव आहे. सुकलूचं नाही. लिस्ट चुकली असं वाटून ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाले, तो केमिस्ट्रीत आहे.

रूमवर जाऊन विचारलं, काऊन रे? तू त्यात फेल झाला होता.

म्हणाला, "म्हूनच तं. झाडं मायनं शिकवली. तेच शिकाले इतक्या दूर काऊन येऊ? जे येत नाई ते शिकाले आलो."

परत ऑफिसात गेलो. बदलता येते का विचारलं. येत नाही. फॉर्म लॉक झाला. क्लार्कने विचारलं, कोणता पाहिजे होता? तिन्ही विषय मनात म्हणून पाहिले. मागच्याने सरकायला सांगितलं.

संध्याकाळी सुकलू केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसला होता. एक समीकरण दाखवून म्हणाला, हे कसं आलं सांग. मी बराच वेळ पाहिलं. मग म्हटलं, मला येत नाही. वर्षात पहिल्यांदा म्हटलं.

"मलेबी नाई येत," सुकलू म्हणाला. आणि पुस्तक जवळ ओढून वाचायला लागला, भूक लागलेल्या माणसानं ताट ओढावं तसं.

येत नाही याचाही कोणाला आनंद होऊ शकतो. मला तेवढंसुद्धा येत नाही.