गाडी अजून बंदरात आहे

१२ मार्च

क्लाइव्हने गाडी घेतली. मला न विचारता. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, हे त्याला ठाऊक होतं.

आमच्या बाबांची मॉरिस. १९६६ साली ऑस्ट्रेलियाला, इथे फ्रीमँटलला येणाऱ्या बोटीत बसण्याआधी लिंकनमधल्या एका खाटकाला विकली होती, तीच. क्लाइव्ह तेव्हा बारा वर्षांचा होता. बोटीवर तीन दिवस बाबांशी बोलला नव्हता. आता नंबरप्लेटवरून इंग्लंडात शोधून काढली. मालक कोणी हॅलम म्हणून म्हातारे गृहस्थ आहेत.

डॉक्टरांनी क्लाइव्हला जूनपर्यंतची मुदत सांगितली आहे. त्याच्या छातीत आहे ते अ‍ॅस्बेस्टॉसचंच. चाळीस वर्षं गॅरेजमध्ये ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवली. सगळेच उडवायचे. आणि आता मागवतोय त्या गाडीच्या ब्रेकमध्ये, क्लचमध्ये, गॅसकेटमध्ये तेच भरलेलं! मी बोलून दाखवलं.

"मग काय वेंडे, आता आणखी काय वाकडं होणार माझं?" म्हणाला.

१५ मार्च

कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्या झोराकडे गेले. मुलगी हुशार आहे, गोड बोलत नाही. "इथे ऑस्ट्रेलियात शून्य म्हणजे शून्य. तिकडे पार्टच्या डब्यावर 'अ‍ॅस्बेस्टॉस नाही' असं छापलेलं असलं, तरी आत थोडं चालतं. इथे कणभर सापडलं तरी गाडी अडकते. मग तपासणी, गोदामाचं भाडं, दंड, सगळं तुमच्याच डोक्यावर."

म्हणजे सगळं तिकडेच काढून घ्यायचं. तिथल्या गॅरेजने तीन हजार चारशे पौंड सांगितले. गाडी चार हजारांची.

"अगं, गाडी ब्रेकवर फुकट मिळतेय," क्लाइव्ह म्हणाला आणि हसला. हसण्याचा खोकला झाला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

२ एप्रिल

क्लाइव्ह रोज हॅलमना फोन करतो. तासभर कार्ब्युरेटर.

२० एप्रिल

काम झालं. ब्रेकचे लायनर, क्लचप्लेट, झाडून सगळी गॅसकेट नवी. प्रयोगशाळेचा दाखलाही आला. गाडीत अ‍ॅस्बेस्टॉस कुठेही नाही, असं मी सहीनिशी लिहून दिलं. गाडी पोचेपर्यंत क्लाइव्हचं काय होईल सांगता येत नाही, त्यामुळे ती माझ्या नावावर आहे.

६ जून

बोट लागली. क्लाइव्हने स्वतः शर्टाला इस्त्री केली. पट्ट्याला आणखी एक भोक पाडावं लागलं.

११ जून

झोराचा फोन. डिकीत, स्टेपनीच्या खाली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले जुने लायनर, जुनी क्लचप्लेट, जुनी गॅसकेट. प्रत्येकाला चिठ्ठी, हॅलमच्या अक्षरात — 'मूळ. जपून ठेवावे.'

क्लाइव्हने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मीच सांगितलं होतं त्यांना."

"काय सांगितलं होतंस?"

"काही फेकू नका म्हणून. मूळ पार्ट गाडीबरोबर जातात, वेंडे. जुन्या गाड्यांतला कोणीही हेच सांगेल."

तीन हजार चारशे पौंड देऊन जे काढलं, तेच त्याच गाडीत बसून आलं! मला फार राग आला. कप दोनदा घासले.

१३ जून

हॅलमचा फोन मी घेतला. बिचारे रडत होते. "मला वाटलं, तुमच्या भावाला बरं वाटेल." 

झोरा म्हणाली, डब्यातली धूळ डिकीत सांडली असेल, तर सगळी गाडी पुन्हा तपासणार. रांग मोठी आहे. दोन महिने, कदाचित तीन. दंड वेगळा. मग हळूच विचारलं, "तेवढे दिवस आहेत का त्यांच्याकडे?"

माहीत नाही, असं मी म्हणाले. खोटं होतं ते. नव्हते.

३० जून

जून संपला. क्लाइव्ह आहे.

२४ जुलै

सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "टपाल आलं का?" नाही म्हटलं की कस्टम्सच्या नावाने बोटं मोडतो आणि मग टोस्ट खातो. अर्धा खायचा, आता पूर्ण खातो. नकाशावर रस्ता आखून ठेवलाय, समुद्राच्या कडेने कॉटस्लोपर्यंत आणि परत. गाडी मी चालवलेली चालणार नाही म्हणे.

डॉक्टरांनी छातीचा फोटो दोनदा बघितला. "काय करताहेत हे?"

"गाडीची वाट बघतोय," मी म्हणाले.

"मग बघू दे वाट."

७ ऑगस्ट

गॅरेजमधल्या जुन्या सोबत्याची, मर्व्हची, गोष्ट निघाली. त्यालाही हेच होतं. लेकीच्या लग्नापर्यंत टिकला, लग्नात नाचला आणि चौथ्या दिवशी गेला. "साल्याने उरलेला केकसुद्धा संपवला नाही," क्लाइव्ह म्हणाला. हसत होता. मला हसू आलं नाही.

१९ ऑगस्ट

फुटबॉल बघताना टीव्हीवर ओरडला. पूर्ण वाक्य, मध्ये न थांबता.

३ सप्टेंबर

"टपाल आलं का?"

"नाही."

दोन अंडी खाल्ली.

११ सप्टेंबर

गाडी सुटल्याचं पत्र २६ ऑगस्टलाच आलं. डिकी स्वच्छ निघाली. ते मी या वहीतही लिहिलं नव्हतं. गोदामाचं भाडं रोज चढतंय, मी भरतेय. झोराला सांगून ठेवलंय, घरी फोन करू नको.

आजही त्याने विचारलं. नाही म्हणाले.