बोंडाचा दुसरा फोटो

मंगळवार, ५ डिसेंबर. अमडापूर.

आज गफूरचाचा दुकानात आले आणि कपाशीची चार-पाच बोंडं काउंटरवर ठेवली. एक नखानं फोडलं. आत गुलाबी अळी. मी ओशाळलोच. सप्टेंबरात लगडलेल्या झाडाजवळचा त्यांचा हसरा फोटो मीच दुकानाच्या फेसबुक पेजवर टाकला होता, बियाण्याच्या जाहिरातीले. झाड विहिरीजवळचं, भर पाण्यावरचं निवडलं होतं. तेवढं मात्र लिहिलं नाही. काऊन नाही लिहिलं?

चाचा म्हणाले, "संजू, याचाबी फोटो काढ."

"चाचा, मंग पुढच्या हंगामात दुकानात कोण येईन?"

"तो फोटो पाहून माह्या जावयानं तुह्याकडून बियाणं नेलं. त्याले मी काय सांगू?"

फोटो काढला. चाचा तेव्हासारखेच हसले, सवयीनं असेल. जुना हसरा फोटो पुसावा वाटला, पण ठेवला. हा नवा टाकला आणि त्यात विहिरीचंही लिहिलं.

संध्याकाळी चाचांचा फोन. "किती लाईक आले बे?"

"एकबी नाही, चाचा."

खरंच नव्हता. खाली कमेंटमध्ये नुसते फोटो होते, नांदुऱ्याकडचे, खामगावकडचे. प्रत्येकाच्या तळहातावर एक फोडलेलं बोंड.