मुग्धाचा पंखा

मलकपेठ, रविवार संध्याकाळ

दहावीनंतर मुग्धाने एमपीसी घ्यावं, गणित-भौतिकशास्त्र, हा माझा हट्ट. मला कॉलेज मिळालं नाही, निदान लेकीने तरी... ती म्हणे बायपीसी, म्हणजे जीवशास्त्राची बाजू. मी म्हणालो, "गणिताला घाबरतेस." तर म्हणाली, "असं? तुमच्या दुरुस्तीच्या दुकानातला एक जळालेला पंखा द्या, वळसे मोजून मीच कॉइल भरते."

दिला. एका कॉइलला तारेचे तीनशे वळसे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पंखे बिघडवत शिकलो. आठ दिवस ती बसली. एकदा मोजणीत शंका आली, तर तीनशेच्या तीनशे वळसे उलगडून पुन्हा घातले. मी मुद्दाम म्हटलं, "एखाद्या वळशाने काय होतं?"

"हे तुम्ही बोलताय, बाबा?"

आज पंखा फिरला. तासभर चालवला, मग बंद करून मोटारीला हात लावून पाहिला. आवाज नाही, तापत नाही. मी कॉलेजचा फॉर्म पुढे केला, "आता तरी एमपीसी?"

"नक्को. घाबरत नाही, एवढंच दाखवायचं होतं. मला डॉक्टरच व्हायचंय."

बायपीसी लिहिलं, माझ्याच अक्षरात. एक चांगली कारागीर हातची गेली, खरंय. पण नुसत्या शंकेपायी तीनशे वळसे उलगडणारा डॉक्टर मला तरी अजून भेटलेला नाही.