दोन वायपर रुंद

ता. २ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, म्हणजे मामींच्या अक्षरातलं तुमचं पत्र. नव्या चष्म्यानेही दिसत नसेल तर डॉक्टर बदला. तुमचं वाकडं अक्षर वाचायची मला सवय आहे, मामींचं सुबक अक्षर बघून सरकारी नोटीस आल्यासारखं वाटतं.

बातमी मोठी आहे. चौकातल्या सहा मजली ऑफिसच्या काचा मला मिळाल्या. एक मार्चपासून सुरुवात. आधी महिनाभर बघतील, पटलं तर वर्षभराचं काम. मॅनेजरसाहेबांच्या अटी दोनच: सगळं सामान लिफ्टने एका खेपेत वर गेलं पाहिजे आणि लॉबीच्या फरशीवर पाण्याचा थेंब दिसता कामा नये. ही फरशी त्यांना स्वतःच्या चेहऱ्यापेक्षा प्रिय असावी.

अडचण अशी की माझा उजवा खांदा ठणकतोय. डॉक्टर म्हणाले, ओझं असंच वाहत राहिलात तर सहा महिन्यांत हात वर जाणार नाही. हात वर न जाणाऱ्या बाईला काचा पुसायला कोण बोलावणार? तेव्हा आता ट्रॉली घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

तीन पाहिल्या. पहिली सफाईसामानाच्या दुकानातली पिवळी, फडकी पिळायची सोय असलेली. इतकी देखणी की मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. किंमत ऐकून माझा चेहरा असा झाला की दुकानदाराने पुढचे गुण सांगायचे थांबवले. दोन महिन्यांची कमाई तिच्यात गेली असती. दुसरी बाजारहाटाची पिशवीवाली. शेजारणीची आणून पाहिली, तर पहिल्याच खड्ड्यात आडवी झाली आणि अर्धा रस्ता धुऊन निघाला. तिसरी खोकी वाहायची दोनचाकी. स्वस्त आणि दणकट, पण ती तिरकी केल्याशिवाय चालत नाही आणि बादल्या तिरक्या केल्या की लॉबी गेलीच.

लिफ्टचं दार मोजून आले. टेप वापरली नाही, तुम्ही शिकवलं तसं काच पुसायचा वायपर लावूनच मोजलं. बरोबर दोन वायपर.

बत्तीस वर्षं तुम्ही दोन बादल्या, काठी आणि शिडी कशी नेत होतात ते एकदा नीट लिहा. मामींना नमस्कार.

तुमची, आणि तुमचा राग झेलणारीही,
भिंगरी

ता. ८ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

काम मिळाल्याचं वाचून आनंद झाला. तुझ्या आईला सांग, तिची मुलगी माझ्यापुढे गेली. मला आयुष्यात चार मजल्यांच्या वर कोणी चढू दिलं नाही.

बादल्या कशा नेत होतो म्हणून विचारतेस? खांद्यावर. शिडी उजव्या खांद्यावर, शिडीच्या एका टोकाला एक बादली, दुसऱ्या टोकाला दुसरी. वाटेत लोक आपणहून बाजूला व्हायचे. (भिजायला नको म्हणून व्हायचे. — मामी.) काचा पुसणारा माणूस दुरून ओळखू आला पाहिजे. गाडी ढकलत निघालीस तर बायका खिडकीतून भाव विचारतील.

डॉक्टरांचं फार मनावर घेऊ नकोस. गरम पाण्याने शेक. माझा खांदा आजही ठणठणीत आहे. (इथे मी लिहायचं थांबले होते. पुन्हा सांगितलं म्हणून लिहिलं. — मामी.) पिवळी घेऊ नकोस, पिशवीवाली घेऊ नकोस, खोक्यांची तर मुळीच नको. थोडं थांब.

दार दोन वायपर म्हणालीस, हे नक्की ना? माझा वायपर इथे खोलीत खिळ्याला टांगलाय. अधूनमधून काढून पुसून ठेवतो.

आहे ती माया अशीच राहू दे.
तुझा,
मामा

ता. १३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

थांब म्हणणं सोपं आहे. एक तारीख माझ्यासाठी थांबणार नाही. शेकूनही झालं, मामा. काल केस बांधताना हात अर्ध्यातच अडला आणि खरं सांगते, मी घाबरले.

एका बंद पडलेल्या कॅन्टीनची चहाची ट्रॉली जुन्या सामानवाल्याकडे आहे. एक चाक रुसलेलं आहे, पण किंमत झेपण्यासारखी आहे. रविवारी आणते. बायकांनी खिडकीतून भाव विचारलाच तर काचांचा सांगेन.

तुम्हाला आवडणार नाही हे माहीत असूनही तुमचीच,
भिंगरी

ता. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र माझं एकटीचं. मामा बाहेर गेलेत आणि कुठे गेलेत तेच सांगायला बसले आहे. ती चहाची ट्रॉली आणू नकोस.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून हे रोज कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे जाऊन बसतात. मला सांगतात, पाय मोकळे करायला चाललो. पाय मोकळे करायला वायपर कशाला लागतो, असं मी विचारलं नाही. तुझ्यासाठी गाडी तयार होतेय. चाकं दवाखान्याच्या भंगारातल्या पलंगाची, सांगाडा जुन्या पाइपांचा. वेल्डर म्हणाला की तुमचे यजमान मला माझ्याच टेपला हात लावू देत नाहीत, सगळं त्या वायपरनेच मोजतात. वायपर आडवा धरतात आणि खडूने खूण करतात.

आता दुसरं. तुझा हात अडल्याचं यांना वाचून दाखवावं लागलं, म्हणून लिहिते. मामांचे डोळे चांगले आहेत. उजवा हात कानाच्या वर जात नाही, लिहायला बसलं की दुखतो. काम त्यांनी नातवंडांसाठी सोडलं असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. तसं नव्हतं गं. शेवटच्या दिवशी दुकानाची अर्धीच काच पुसून घरी आले होते.

तो वायपरचा खिळासुद्धा मी गुपचूप वीतभर खाली ठोकलाय, भिंत ओलसर आहे असं काहीतरी सांगून. त्यांच्या लक्षात आलेलं नाही. तू यातलं काही दाखवू नकोस. डॉक्टरांचं मात्र ऐक.

काळजी करणारी,
मामी

ता. ३ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, तुम्ही पक्के लबाड आहात. सत्तावीस तारखेला ट्रान्सपोर्टचा माणूस गाडी दारात उभी करून गेला आणि मी तिच्याकडे बघत रस्त्यातच रडले. हिरवा रंग, काठीला कड्या, शिडीला खोबण आणि ठिबकणारं पाणी अडवायला खालच्या फळीला सगळीकडून उभी कड. पिवळीला तरी अशी कड कुठे होती?

रडून झाल्यावर अठ्ठावीसला तिला लॉबीत तालमीला नेलं. लिफ्टचं दार उघडलं, गाडी पुढे केली आणि ती दोन्ही बाजूंनी अडली. चांगली आठ इंच मोठी. वॉचमनने गाडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी काम आणि गाडी दाराबाहेर! वायपर काढून दार पुन्हा मोजलं, तर बरोबर दोन. गाडी मोजली, तर अडीचच्याही वर.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुमचा वायपर अठरा इंची. माझा चौदा इंची, आणि तोही मी कामाला लागले तेव्हा मोठा जड जाईल म्हणून तुम्हीच आणून दिलेला. दोघांनीही मोठ्या ऐटीत टेपला नाकं मुरडली आणि दोघेही तोंडावर पडलो.

मग गाडी आडवी वळवून पाहिली. ती बाजू तुमच्या दीड वायपरची. दारातून जाते, इंचभर जागाही उरते. पण मागची दोन चाकं सरळच चालणारी, आडवी सरकेनात. सायकलवाल्याने संध्याकाळपर्यंत ती काढून फिरणारी बसवून दिली. एक तारखेला दोन्ही बादल्या, काठी, शिडी सगळं घेऊन गाडी खेकड्यासारखी लिफ्टमध्ये शिरली. मॅनेजरसाहेब फरशीवर वाकून थेंब शोधत होते. सापडला नाही. आज त्यांनी महिन्याची अट काढून टाकली आणि वर्षभराचा कागद हातात दिला. ऑफिसातले लोक गाडीला खेकडा म्हणतात. तुम्ही रागावू नका, प्रेमाने म्हणतात.

डॉक्टरांनी खांद्याचे व्यायाम लिहून दिलेत. मला आठवड्यात फरक पडला. म्हणाले, जुनं दुखणंही बरंच सुटतं. एक प्रत मामींसाठी पाठवते आहे, दिवसभर लिहून त्यांचा हात भरून येत असेल.

रोज संध्याकाळी खेकड्याला पुसून ठेवणारी,
भिंगरी

ता. ११ मार्च

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

हे मी स्वतः लिहितो आहे, डाव्या हाताने. मामी भाजी आणायला गेली आहे. अक्षर पूर्वीपेक्षाही वाकडं आहे, लावून घे.

आठ इंच चुकलो म्हणून वेल्डर दोन दिवस हसत होता. हसू दे. त्याच्याकडून टेप घेतली आहे, पार्सलने पाठवतो.

तू विचारलं होतंस, बादल्या कशा नेत होतो. खांद्यावर, असं मी ऐटीत लिहायला सांगितलं. खरं उत्तर असं आहे की चूक करत होतो. मला कोणी गाडी दाखवली असती तर मी हसलो असतो, आणि म्हणूनच आज डावा हात लिहितो आहे. तुझा हात अडल्याचं मामीने वाचून दाखवलं त्या रात्री झोप लागली नाही. गाडी आधीच सुरू केली होती, पण त्यानंतर वेल्डरला चहासुद्धा पिऊ दिला नाही.

मामीसाठी पाठवलेले व्यायाम मी करतो. ती स्वयंपाकघरात असते तेव्हा. काल बोटं कपाळापर्यंत गेली.

आणखी एक. खोलीतला वायपरचा खिळा मामीने वीतभर खाली ठोकला आहे. मला त्याच दिवशी कळलं. तिला सांगू नकोस. हात पुरेसा वर जायला लागला की मीच तो गुपचूप पुन्हा वर ठोकणार आहे, बघू तिच्या लक्षात येतं का.

काचा चकचकीत ठेव आणि मामावरचा जीव असाच राहू दे.

तुझा,
मामा